वरचे बारा किलो

बेबीचा आकडा चुकला असता तर तात्यांच्या पदरात तीन गोष्टी पडणार होत्या. पहिली, शेडमधला खिडकीखालचा सात फूट बाय पाच फुटांचा कोपरा. तिथे एकतीस वर्षं त्यांची आरामखुर्ची होती आणि आता जावयाचं छपाईचं यंत्र बसलं होतं. दुसरी, त्या खिडकीतून येणारा दुपारचा वारा. तिसरी या दोन्हींपेक्षा वजनदार होती: डोळे मिटेपर्यंत दर जेवणाला 'मी म्हणालोच होतो' म्हणायचा हक्क.

आकडा बरोबर आला तर त्यांची एकच वस्तू जाणार होती. भट्टीची किल्ली. वजन जेमतेम चाळीस ग्रॅम. पण ती ज्याच्या कमरेला, त्यानेच धातू ओतायचा, असा त्या घरचा कायदा होता.

घर ओताऱ्यांचं. शिल्पकारांनी पुतळे घडवायचे आणि यांनी ते ब्राँझमध्ये ओतून द्यायचे. बेबी तात्यांची एकुलती एक मुलगी, वय वर्षं चौतीस, आणि बेबी हे नाव आता सुटेल अशी आशा तिने तिशीतच सोडलेली. बाराव्या वर्षापासून ती शेडमध्ये राबत होती. मेण लावणं, साचे बुडवणं, भाजणं, फोडणं, घासणं, सगळं तिच्या हातचं. फक्त ओतणं नाही. "ओतणं शिकवून येत नाही," असं तात्या म्हणायचे, आणि शिकवायचे नाहीत, त्यामुळे त्यांचं म्हणणं कधी खोटंही ठरायचं नाही.

जावई दातांच्या प्रयोगशाळेतला. लोकांच्या तोंडाची मापं संगणकावर घ्यायची, दाताचा नमुना मेणात छापायचा आणि धातूची टोपी ओतून डॉक्टरकडे पाठवायची, हे त्याचं काम. लग्नानंतर चार वर्षं त्याने सासऱ्यांची शेड पाहिली आणि एक दिवस बायकोला म्हणाला, "अगं, हे आम्ही करतो तेच आहे. फक्त दात मोठा." बेबीला ते पटलं. तात्या दोन दिवसांसाठी बाहेरगावी गेले होते. परत आले तेव्हा खिडकीखाली काचेच्या दाराचं कपाटाएवढं यंत्र गुणगुणत होतं आणि आरामखुर्ची बाहेर ओट्यावर उन्हात उभी होती, वर कुणाची तरी छत्री वाळत.

त्या दिवसापासून तात्या जावयाशी थेट बोलले नव्हते. जावई समोर बसलेला असला तरी निरोप बेबीमार्फत जायचा.

"त्यांना विचार, चहा घेणार का."

"घेतो, तात्या."

"घेतात का म्हणून विचारलं मी तुला, बेबी."

अशात बाईंच्या पुतळ्याचं काम आलं.

बाई म्हणजे पोहण्याच्या बाई. वय ऐंशी. गावातल्या तीन पिढ्यांना त्यांनी तलावात ढकलून वर काढलं होतं. वर न आलेला एकच विद्यार्थी, तात्या. तोही तसा आला, पण काठ धरून. नवव्या वर्षी त्यांनी तलावाचा काठ जो दोन्ही हातांनी पकडला तो महिनाभर सोडला नाही, आणि शेवटी फी वाया गेली असं समजून घरच्यांनी नाव काढून घेतलं. बाई अजून सांगायच्या, "ओताऱ्याचं पोर. जातीवंत जड."

जुन्या विद्यार्थ्यांनी वर्गणी काढून ठरवलं की तलावाच्या दारात बाईंचा अर्धपुतळा बसवायचा. गवंड्याने दगडी कोनाडा बांधायला घेतला. पुतळा साठ सेंटीमीटर, कोनाडा एकसष्ट. बाईंना विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, "मेल्यावर करा की. जिवंतपणी केलात तर चुका दाखवीन." पण आतून खूश झाल्या असाव्यात, कारण मापं द्यायला आल्या त्या पोहण्याची टोपी आणि गळ्यात शिट्टी घालूनच.

शिल्पकार नको, मातीकाम नको, असं बेबीने वर्गणीवाल्यांना सांगून टाकलं होतं. बाईंना खुर्चीत बसवून जावई हातात इस्त्रीएवढा स्कॅनर घेऊन त्यांच्याभोवती फिरला. पडद्यावर बाई हळूहळू उगवत होत्या. आधी नाक, मग टोपी, मग मान.

"बाई, हलू नका हं."

"साठ वर्षं लोकांना हला म्हणून ओरडले, आता मला सांगतोस?"

"जबडा सैल सोडा. दात एकमेकांवर टेकवा." जावयाची जुनी सवय. "बाई, तुमची खालची डावी दाढ दाखवून घ्या एकदा."

"पुतळ्यात दाढ दिसणार आहे?"

"नाही."

"मग शिट्टीकडे बघ."

ओट्यावरच्या खुर्चीतून हे सगळं पाहत बसलेले तात्या बेबीला म्हणाले, "इस्त्री करून माणूस उभा राहतो म्हणे. बघू."

"बघूच," बेबी म्हणाली. तिचं डोकं त्या दिवशी आधीच तापलेलं होतं. "तात्या, एकदा काय ते ठरवू. हा पुतळा संगणकाच्या आकड्यांवर ओतायचा. तुमचा अंदाज नाही, तुमचा अंगठा नाही. पूर्ण निघाला तर किल्ली माझी. नाही निघाला तर यंत्र उद्याच्या उद्या शेडबाहेर."

तात्यांनी खुर्चीत बसल्या बसल्या खिडकीकडे नजर टाकली. यंत्रामागे वाऱ्याने पडदा हलत होता.

"त्यांना सांग," ते म्हणाले, "कबूल."

इथे धंद्यातली एक गोष्ट सांगून ठेवली पाहिजे. वितळलेला धातू थंड होताना आक्रसतो. साठ सेंटीमीटरचा पुतळा हवा असेल तर मेणाचा नमुना थोडा मोठा करावा लागतो, शंभराला दोन या हिशोबाने. ही वाढ एकदाच द्यायची असते. एकदाच. हे ओताऱ्याच्या घरी पाळण्यातल्या पोरालाही ठाऊक असतं, आणि म्हणूनच कुणी कुणाला विचारत नाही.

जावयाने चित्र साफ करून त्यात दोन टक्के वाढ घातली. दातवाला असला तरी त्याला इतकं कळत होतं. मेणाची उंची एकसष्ट पूर्णांक दोन, धातू सगळा मिळून अठ्ठेचाळीस किलो, असे दोन आकडे कागदावर लिहून त्याने तो भिंतीवर चिकटवला आणि झोपायला गेला.

सकाळी यंत्र सुरू करायला बेबी आली. चित्र उघडलं आणि तिच्या मनात पाल चुकचुकली. हा माणूस दूध आणायला जातो आणि दुधाची पिशवी दुकानात ठेवून छत्री घेऊन येतो, तीही दुसऱ्याची. याने वाढ घातली असेल? त्याला उठवून विचारावं तर तोंड पाडून बसेल की तुझा माझ्यावर विश्वास नाही. विश्वास नव्हताच, पण संसारात ते बोलून दाखवायचं नसतं. भिंतीवरचा कागद होता, पण नवऱ्याचं अक्षर वाचायच्या भानगडीत ती लग्नानंतर पडली नव्हती. तिने यंत्राच्या पडद्यावर शंभराच्या जागी एकशे दोन टाकलं आणि बटण दाबलं.

चार दिवस यंत्र बाईंना थरावर थर छापत होतं. पाचव्या दिवशी पांढुरक्या मेणातल्या बाई चार तुकड्यांत बाहेर आल्या. बेबीने ते जोडले. टोपीची शिवण, शिट्टीची दोरी, कपाळावरची उभी आठी, सगळं जिथल्या तिथे. तात्या चूक शोधायला आले.

येताना त्यांनी वडिलांची पट्टी आणली होती. ही पट्टी कांशाची, वडिलांनी स्वतः ओतलेली, हातभराहून थोडी लांब, सातशे ग्रॅम वजनाची. ती कुणाला हात लावू द्यायचे नाहीत. त्या पट्टीवरचा सेंटीमीटर जगातल्या सेंटीमीटरपेक्षा शंभराला दोन इतका मोठा होता. जुन्या ओताऱ्यांची ही युक्ती: पट्टीच फुगवून ठेवायची, म्हणजे वाढीचा हिशोब दरवेळी करायला नको. या पट्टीने साठ मोजलं की मेण आपोआप वाढीसकट साठ. तात्यांनी जन्मभर दुसरी पट्टी वापरली नव्हती, त्यामुळे आपली पट्टी वेगळी आहे हे त्यांना आपलं नाक वेगळं आहे इतपतच जाणवायचं.

आता बघा. मेण झालं होतं साडेबासष्टच्या जवळ, कारण नवरा-बायको दोघांनी वाढ घातली होती. साधी पट्टी लावली असती तर चोरी जागच्या जागी पकडली गेली असती. पण तात्यांच्या फुगलेल्या पट्टीने फुगलेलं मेण मोजलं आणि आकडा आला एकसष्ट पूर्णांक दोन. कागदावरही तोच.

तात्यांनी पुन्हा मोजलं. पट्टी उलटी करून मोजलं. चष्मा पुसला. त्यांचा चेहरा असा पडला की बघणाऱ्यालाही दया यावी. शेवटी ते जावयाकडे वळले, आणि सात महिन्यांत पहिल्यांदाच थेट त्याच्याशी बोलले.

"जुळतंय."

जावयाच्या डोळ्यांत पाणी आलं. त्याने बायकोकडे पाहिलं. बायको खिडकीकडे पाहत होती.

राहिल्या आत्या. तात्यांच्या थोरल्या बहीण, वय बहात्तर, मेणकामात गावात तोड नाही. त्यांनी छापील बाईंच्या गालावरून अंगठा फिरवला आणि नाक मुरडलं. "रेघा आहेत. कंगव्याने विंचरल्यासारख्या. आणि जाडी ही एवढीच? उन्हात धरलं तर पलीकडचं दिसेल."

"आत्या, हात लावायचा नाही," बेबीने बजावलं. "पैज आहे."

"नाही गं बाई. मी कशाला लावते."

दुपारी सगळे झोपले. आत्यांनी लहान स्टोव्हवर वाटीभर मेण पातळ केलं आणि बाईंवरून एक हात फिरवला. मग दुसरी वाटी केली, कारण एका गालाला हात लागला आणि दुसऱ्याला नाही हे बरं दिसलं नसतं. सहा वाट्या झाल्या. संध्याकाळी बेबी म्हणाली, "किती गुळगुळीत आलंय हो आपलं यंत्र," तेव्हा आत्या पाठमोऱ्या होत्या.

वजन करून पाहिलं असतं तरी हे उघडकीला आलं असतं. ओताऱ्यांचा जुना नियम, मेणाच्या दहापट धातू. पण हे छापील मेण आतून मधमाश्यांच्या पोळ्यासारखं पोकळ होतं, तिथे तो नियम लंगडा. सगळी भिस्त भिंतीवरच्या अठ्ठेचाळीसवर.

आणि तात्यांनी त्या अठ्ठेचाळीसची अंमलबजावणी अशी केली की सरकारी अधिकाऱ्याने तोंडात बोट घालावं. एरवी ते मुशीत चार-पाच किलो जास्तच टाकायचे. त्याला ते 'भट्टीचा घास' म्हणायचे. या खेपेला घास बंद. अठ्ठेचाळीस किलो धातू काट्यावर तोलून आणला आणि शेवटची लगड चाळीस ग्रॅम जास्त भरली म्हणून तिचा कोपरा कानशीने घासला. शेडमध्ये दोन जुन्या लगडी पडून होत्या, त्या त्यांनी एका शिल्पकाराला नेऊन दिल्या. हा शिल्पकार त्या लगडी दोन वर्षं उसन्या मागत होता. इतकं औदार्य तात्यांच्या हातून आयुष्यात प्रथमच घडलं होतं आणि त्या बिचाऱ्याला वाटलं, म्हातारा आजारी आहे, म्हणून मन बदलायच्या आत त्याने त्या वितळवूनही टाकल्या.

गॅससुद्धा त्यांनी हिशोबाने आणला. एक टाकी, अठ्ठेचाळीस किलोपुरती.

ओतायच्या दिवशी बाई सकाळीच आल्या. "माझी मान कशी भरतात ते बघू दे." त्यांना ओट्यावरच्या आरामखुर्चीत, शेडच्या दाराकडे तोंड करून बसवलं. मेणाच्या बाईंभोवती चढवलेला साचा भट्टीच्या शेजारच्या ओव्हनमध्ये लाल झाला होता. आतलं मेण जळून गेलं होतं आणि बाईंच्या आकाराची पोकळी तेवढी उरली होती. मुशीत धातू वितळून नारिंगी झाला होता. जावई कप्पीची साखळी तपासत होता, तात्या चामड्याचे हातमोजे चढवत होते, आणि बेबी नेहमीप्रमाणे बाजूला उभी होती.

बाईंना गप्प बसवत नव्हतं. "काय रे दातवाल्या, हा रस थंड झाला की आवळत असेल ना?"

"हो, बाई. शंभराला दोन."

"मग आधी मोठं करावं लागत असेल."

"केलंय ना. चित्रातच दोन टक्के वाढवून ठेवलंय मी."

बेबीच्या हातातला चिमटा खाली पडला.

"तू वाढवलंस?"

"म्हणजे काय? वाढवणारच."

"मला सांगितलं का नाहीस?"

"कागदावर लिहिलंय की. पहिलीच ओळ."

"तुझं अक्षर देवाला तरी लागतं का?" ती ओरडली. "मी पण वाढवलं!"

भट्टी घोंघावत होती. जावयाने बोटांवर हिशोब करायला सुरुवात केली. मग मध्येच थांबला आणि त्याचा चेहरा उजळला. "शक्यच नाही. तात्यांनी मोजलं होतं ना. जुळलं होतं. हो ना, तात्या?"

दोनदा दोन टक्के हे शब्द कानावर पडताच तात्यांचा हात कमरेला खोचलेल्या पट्टीकडे गेला होता आणि तिथेच राहिला होता. साठ वर्षांत पहिल्यांदा त्यांना आपलं नाक दिसलं होतं.

"आण बघू ती इकडे," बाई म्हणाल्या. पट्टी हातात देण्याशिवाय तात्यांपुढे मार्ग नव्हता. बाईंनी हाक मारली की ते अजून नऊ वर्षांचे व्हायचे. बाईंनी पर्समधून शिवणकामाची टेप काढून पट्टीशेजारी धरली. पट्टीचा पन्नास टेपच्या एकावन्नवर आला.

"काय रे, तुझा सेंटीमीटर लठ्ठ कसा?"

"वडिलांची आहे," तात्या खालच्या आवाजात म्हणाले.

"म्हणजे साचा मोठा आहे," जावई म्हणाला. "शंभराला सहा धातू जास्त लागेल. तीन किलो."

इतक्यात कोपऱ्यातून आवाज आला. "अरे, मी पण जरासा हात फिरवला होता."

सगळे आत्यांकडे वळले.

"किती जरासा?" बेबीने विचारलं.

"एक वाटी."

"आत्या."

"सहा."

जावयाने या खेपेला बोटं वापरली नाहीत, फोन काढला. "बारा किलो," तो म्हणाला. "बारा किलो कमी पडतोय. आता ओतलं तर डोकं भरेल, मान भरेल. खांदे आणि शिट्टी नाही." अर्धपुतळा उलटा ओततात, डोकं खाली, धातू संपला की पुतळ्याची खालची बाजू राहून जाते.

"थांबून दुसरा धातू आणता येणार नाही?" बाईंनी विचारलं.

"दुकानाची आज सुट्टी," बेबी म्हणाली. "आणि गॅस..." तिने टाकीचा काटा पाहिला. "पाऊण तास."

आता इथे तात्यांना काहीच करायचं नव्हतं. नुसतं उभं राहायचं होतं. पाऊण तासाने यंत्र बाहेर, खुर्ची आत, वारा आपला. पैज कागदासारखी साफ होती: पूर्ण निघाला तर किल्ली, नाही तर यंत्र. आणि ते खरोखर उभे राहिलेही, चांगलं मिनिटभर. पण मिनिट मोठं असतं. त्यात माणसाला दिसायला लागतं की उद्या फुटलेल्या साच्यातून बिनखांद्याच्या बाई निघतील, आणि गाव म्हणेल, त्या ओताऱ्याच्या भट्टीतून निघाल्या. दातवाल्याच्या म्हणणार नाही.

"कथील, शिसं, पितळ काही चालणार नाही," ते अचानक खेकसले. "पितळेने जस्ताचा धूर होईल आणि बाईंना देवी आल्यासारखी भोकं पडतील. कांसं पाहिजे. घरात कांसं काय आहे?"

"फाटकावरची घंटा," बेबी म्हणाली.

"घंटेत कथील जास्त असतं. पुतळा वाजेल."

"वाजू दे. काढा."

ही घंटाही वडिलांची. शिडी लावून ती काढायला तात्या स्वतः गेले आणि जाताना मुलीने आपल्याला हुकूम सोडला हे त्यांच्या लक्षातच आलं नाही. घंटा भरली सहा किलो.

"आत्या, तुमचा खलबत्ता."

"माझ्या लग्नातला आहे गं!"

"लग्न आठ महिने टिकलं तुमचं. खलबत्ता पन्नास वर्षं. पुरे झालं त्याला." सहा वाट्या आठवून आत्या आत गेल्या. खल आणि बत्ता मिळून चार किलो चारशे.

"अजून एक किलो सहाशे," जावई म्हणाला. त्याचा फोन आता सगळ्यांना नको झाला होता.

बाई उठल्या. "कांसं म्हणजे कांस्यपदकातलं तेच ना? मला रिक्षा बोलवा." पंधरा मिनिटांत त्या बुटांचा खोका घेऊन परत आल्या. आत अकरा पदकं. बाई आयुष्यात अकरा वेळा तिसऱ्या आल्या होत्या. "दोनदा दुसरी आले असते," त्या म्हणाल्या, "पण आज चांदी कुणाच्या कामाची?"

तात्यांनी एकेका पदकाच्या कडेला कानस मारली. सात खरी निघाली. चार खाली ठेवली.

"ही का नाही?"

"बाई, ही जस्ताची आहेत. वरून रंग दिलाय."

बाईंनी ती चार पदकं हातात घेऊन तारखा वाचल्या. "म्हणजे चार वर्षं मी जस्तासाठी पोहले," त्या म्हणाल्या. "यातल्या एकासाठी तर बहिणीचं लग्न चुकवलं."

सात पदकं नऊशे ग्रॅम. राहिले सातशे. गॅसचा काटा तळाला टेकायला आला होता. घरातले चमचे, कड्या, दिवे, सगळं पितळ किंवा पोलाद. हळूहळू सगळ्यांचे डोळे एकाच ठिकाणी जमा झाले. आरामखुर्चीच्या हातावर. तिथे पट्टी पडली होती.

"नाही," तात्या म्हणाले. "पट्टी नाही."

"तात्या, सातशे ग्रॅम," बेबी म्हणाली.

"एखाद्या खांद्याचा कोपरा राहिला तर जोडून घेऊ. जोड घासला की दिसत नाही."

"तुम्हाला दिसेल."

तात्यांनी पट्टी उचलून छातीशी धरली, दोन्ही हातांनी. बाई त्यांच्याकडे पाहत होत्या. सत्तावन्न वर्षांपूर्वी पाहिलं होतं तसंच.

"काठ सोड रे," बाई म्हणाल्या. "मी आहे."

काय झालं ते तात्यांना नंतरही नीट सांगता आलं नाही. हात सुटले, एवढंच. पट्टी भट्टीच्या तोंडाशी तापत ठेवली तेव्हा तिच्यावरचे फुगलेले सेंटीमीटर क्षणभर लखलखले. मग चिमट्याने ती मुशीत गेली आणि वाकून बुडाली.

मूस साखळीवर उचलली. बारा किलोंनी जड झालेली. तात्यांनी तिची दांडी धरली. त्यांनी बाजूला पाहिलं. बेबीने हातमोजे आधीच चढवले होते.

"धार बारीक धर," ते म्हणाले आणि दांडी सोडली. "घाबरून तोडू नको. तोडलीस की सांधा दिसतो. हां. अशीच. साच्याच्या पेल्याच्या कडेवरून. अगं, श्वास घे."

"तुम्ही घ्या आधी," बेबी दातओठ खाऊन म्हणाली.

धातू गेला, जात राहिला, आणि साच्याच्या तोंडाशी येऊन काठोकाठ थांबला. मुशीत उरलं ते चहाच्या बशीभर. गॅसने शेवटची उचकी दिली आणि भट्टी विझली.

दुसऱ्या दिवशी साचा फोडला. बाई पूर्ण निघाल्या. टोपी, आठी, दोन्ही खांदे, शिट्टीची दोरीसुद्धा. गालावर रेघ नाही. आत्यांनी सगळ्यांना तो गाल दोनदा दाखवला. बेबीने हातोडीने हलकेच टकटक केलं तर पुतळा घुमला, फाटकावरची घंटा घुमायची तस्साच.

"पूर्ण निघाला," बेबी म्हणाली.

"पण आकडा चुकला," तात्या म्हणाले.

"खरं म्हणजे," जावई म्हणाला, "माझा आकडा बरोबर होता. माझ्या चित्राला अठ्ठेचाळीसच लागले असते."

तिघांनी त्याच्याकडे अशा नजरेने पाहिलं की हे खरं वाक्य त्याने आयुष्यात पुन्हा उच्चारलं नाही.

राहिला प्रश्न कोनाड्याचा. पुतळा साठचा व्हायचा तो झाला होता आत्यांच्या मेणासकट साडेएकसष्टला एखादा केस कमी, आणि कोनाडा एकसष्टचा. गाडीतून पुतळा नेला. तलावाच्या दारात पुतळा उचलला, डोळे मिटले, सरकवला. बसला. वर बोटभर जागा शिल्लक.

गवंडी बाजूला विडी ओढत होता. "कोनाडा किती केलास रे?" तात्यांनी विचारलं.

"सांगितला एकसष्ट," गवंडी म्हणाला. "केला साडेबासष्ट. ओताऱ्यांच्या मापावर कोण विश्वास ठेवतो?"

संध्याकाळी तात्यांनी कमरेची किल्ली काढली आणि मुलीच्या हातात न देता यंत्रावर ठेवली, जणू विसरून. बेबीने यंत्र दोन फूट सरकवलं. आरामखुर्ची आत आली. कोपरा दोघांना पुरतो, शिवाय यंत्राची पाठ गरम असते आणि तात्यांच्या कमरेला ती बरी पडते. हे त्यांनी कुणाला सांगितलेलं नाही.

तर भरलं कुणी, ते असं. फाटकाने घंटा भरली. आता पाहुणे दार बडवतात. बाईंनी सात पदकं भरली. उरलेली चार त्यांनी भिंतीवर टांगलीत आणि पाहुण्यांना सांगतात की हीच खरी, कारण यांच्यासाठी जास्त दमले. तलावावर येणारं प्रत्येक पोर पाण्यात उतरण्याआधी पुतळ्याला बोटाने टकटक करतं आणि तो वाजतो, तेव्हा बाई पाणी झटकत म्हणतात, "आले आले." तात्यांनी पट्टी भरली आणि किल्ली भरली. जावयाने त्यांना पोलादी टेप आणून दिली. ती ते वापरतात, आणि आलेल्या आकड्यात मनातल्या मनात दोन टक्के मिळवतात. गवंड्याने काहीच भरलं नाही, उलट चहा पिऊन गेला.

आत्यांनी खलबत्ता भरला. जावयाने त्यांना यंत्रावर नवा छापून दिला, निळ्या मेणाचा. तो दुसऱ्याच दिवशी तळातून फुटला. तेव्हापासून रोज सकाळी घराची मिरी जावई दगडाने कुटतो. बाकीच्यांनी एकदा भरलं आणि मोकळे झाले. ज्याचा आकडा एकट्याचा बरोबर होता, तो अजून भरतोय.